खुर्ची फिरवून बसलेल्या सरांना

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

आपण येऊन आमचे अडलेले इंटरनेट मार्गी लावून गेलात त्याला आता दोन महिने होत आले. आभाराचे चार शब्द फोनवर बोलले होते, पण ते अपुरे होते याची टोचणी राहिली, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आमच्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात ग्रंथालयाचे आणि भाषा प्रयोगशाळेचे संगणक सहा आठवडे इंटरनेटविना पडून होते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी मुली ग्रंथालयात येत, मी त्यांना जुन्या प्रयोगशाळेच्या रांगेत पाठवत असे आणि शेवटच्या एसटीची वेळ झाली की त्यांतील काही जणी अर्ज अर्धवट सोडून निघून जात. प्रयोगशाळा सहायक म्हणून ही जबाबदारी माझी होती आणि माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखे काहीही नव्हते.

ज्यांच्याशी वार्षिक देखभालीचा करार होता, त्यांची माणसे तीनदा आली. पहिल्या वेळी फायरवॉल (आतले नेटवर्क आणि इंटरनेट यांच्या मधले राखणदार उपकरण) बंद करून पुन्हा चालू केली, दुसऱ्या वेळी इंटरनेट पुरवणाऱ्यावर बोट ठेवले आणि तिसऱ्या वेळी नव्या फायरवॉलचे कोटेशन टेबलावर ठेवून गेली. दोष नेमका कोठे आहे असे विचारले, की “मॅडम, ते टेक्निकल आहे” एवढेच उत्तर मिळे. ॲडमिनचा पासवर्डसुद्धा त्यांनी परस्पर बदलला होता. तो परत मिळवण्यासाठी प्राचार्यांना दोन पत्रे लिहावी लागली. हे आठवले की आजही संताप होतो.

आपण मात्र आल्याबरोबर विचारलेत, “कुठपर्यंत चालतंय?” ग्रंथालयातून फायरवॉलपर्यंत पिंग (जोडणी तपासणारा संदेश) जात होते, त्यापुढे काहीच नव्हते. फायरवॉलच्या वॅनच्या, म्हणजे इंटरनेटकडच्या, बाजूची पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) पकडून आपण मला स्क्रीन दाखवलात, तेव्हा १९२.१६८.१०.३७ हा आमच्या ग्रंथालयातील पत्ता जसाच्या तसा बाहेर पडताना मी प्रथमच पाहिला. इंटरनेटच्या तांत्रिक नियमांपैकी आरएफसी १९१८ या १९९६ सालच्या दस्तऐवजात हे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले आहेत आणि असंख्य घरांत व कचेऱ्यांत तेच पत्ते वापरात असल्यामुळे असे पॅकेट बाहेर गेले तरी त्याचे उत्तर परत येण्याला वाटच नसते, हे आपण दोन वाक्यांत सांगितलेत. आमची तिन्ही सबनेट (ग्रंथालय आणि दोन प्रयोगशाळा यांच्या पत्त्यांचे वेगवेगळे गट) त्यांना आपसांत जोडणाऱ्या लेयर थ्री स्विचमधून फायरवॉलच्या एकाच लॅन इंटरफेसवर, म्हणजे आतल्या बाजूच्या जोडणीवर, येत होती. त्या तिघांना वाट होती, परवानगीही होती. परंतु नॅट, म्हणजे बाहेर जाताना आतला खासगी पत्ता बदलून फायरवॉलचा बाहेरचा पत्ता लावण्याची सोय, कोणीतरी मॅन्युअलवर (नियम हाताने लिहिण्याच्या पद्धतीवर) नेऊन ठेवले होते आणि त्यात केवळ जुन्या प्रयोगशाळेच्या सबनेटचा, म्हणजे १९२.१६८.१.०/२४ चा, एकच नियम होता. सहा आठवडे ज्यासाठी गेले ते एवढेच.

पण सर, माझ्या मनात घर करून राहिली ती गोष्ट याच्या थोडी आधीची आहे. लॉगिनचे पान उघडले तेव्हा मी सवयीने आपल्याला पासवर्ड सांगू लागले. आपण हात वर करून मला थांबवलेत, “तो मला नको, तुमच्याकडेच असू द्या,” म्हणालात आणि खुर्ची फिरवून भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे तोंड करून बसलात. मी “झालं, सर” म्हणेपर्यंत आपण वळला नाहीत. त्यानंतरही कीबोर्डला आपण हात लावला नाहीत. ग्रंथालय आणि भाषा प्रयोगशाळा यांचे दोन्ही नियम माझ्याच हातून लिहून घेतलेत. सगळ्यांसाठी मिळून एकच नियम का नको, असे मी विचारले, तेव्हा प्रत्येक सबनेट वेगळे लिहिले तर पुढे नोंदी वाचता येतात, आणि नियम फक्त वॅनवरच हवा, नाहीतर कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हरला सगळे संगणक एकाच पत्त्याचे दिसतील, हे आपण न कंटाळता समजावलेत.

जाणकार माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. समोरच्याचे काम त्याच्या हातून काढून न घेता, त्याचा मान राखून, ते त्याच्याकडूनच पुरे करून घेणारी माणसे फार थोडी भेटली, आणि ज्या दिवसांत मला स्वतःच्याच कामाची भीती वाटू लागली होती त्या दिवसांत आपण भेटलात, हे मी माझे भाग्य समजते.

आपण पाठकोऱ्या कागदावर काढून दिलेली आकृती रॅकच्या दाराला आतून चिकटवली आहे. गेल्या आठवड्यात मुलींच्या वसतिगृहासाठी १९२.१६८.३०.०/२४ हे नवे सबनेट त्याच इंटरफेसवर आले. स्विचकडे परतीचा राउट (उत्तरे परत जाण्याची वाट), लॅनवरची परवानगी आणि नॅटचा नियम, तिन्ही मी एकटीने लिहिले. संध्याकाळी रेक्टर मॅडमनी फोन करून “पान उघडलं हो” असे सांगितले, आणि फोन ठेवून मी हे पत्र लिहायला बसले.

आपली कृतज्ञ,
प्रयोगशाळा सहायक