आई-बाबा, आम्ही ईस्टरनंतर येतो

मनाली, 16 जानेवारी

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

फोनवरच सांगणार होते, पण आईचा आवाज ऐकला की माझं बोलणं निम्म्यावर अडतं, म्हणून लिहायला बसले. आम्ही महिनाअखेरीस सोलापूरला येत नाही. ईस्टर झाला की येऊ. इथल्या मिशनच्या दवाखान्याला तसा शब्द दिलाय. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी घरी असायला हवं, हे मला कळतं. रात्री अंथरुणावर पडलं की तेच मनात येतं. तरीही थांबायचं ठरवलंय.

कारण ऐका. इथला जुना फिटर आजारपणामुळे गावी गेला आणि ऐन थंडीत वर यायला दुसरं कुणी तयार नाही. पूर्वी रोहतांग खिंडीत बर्फ पडलं की पलीकडचं लाहौलचं खोरं महिनोन्‌महिने तुटायचं. 2020 मध्ये 9 किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला, तेव्हापासून तिकडची माणसं भर हिवाळ्यातही या बाजूला उपचाराला येऊ शकतात. म्हणजे दवाखान्याची खरी गरज याच दिवसांत, आणि नळ, बॉयलर, जनरेटर बिघडायचे तेही याच दिवसांत. डिझेलमध्ये मेण धरतं, फिल्टर चोंदतो आणि नेमकी लाइट गेल्यावर जनरेटर उठत नाही. अशा वेळी आम्ही दोघं निघून आलो असतो तर बाबा, तुम्हालाच ते पटलं नसतं.

निघताना तुम्ही म्हणालात, "पान्हेच फिरवायचे तर सोलापुरात काय कमी आहेत? मिशनरी म्हणजे शिकवणारे, बरं करणारे." ते माझ्या मनात राहिलं. परवा पहाटे प्रसूतिकक्षामागचा पाइप बेंडजवळ फुटला. पाणी गोठलं की नऊ टक्के फुगतं, लोखंडाला ते कुठलं सोसणार! आत एक बाई कळा देत होती, बाहेर तुमचे जावई गुडघाभर बर्फात बसून तुकडा कापत होते. टॉर्च तोंडात धरून मी आट्यांवर सूत आणि सफेदा लावला. आट्यांच्या दिशेनंच गुंडाळायचं, उलटं गेलं तर जोड गळतो, हे तुम्ही मला परसातल्या नळावर शिकवलंत तेव्हा मी चौथीत होते. मग गोठलेली दुसरी लाइन मोकळी केली. नळ उघडा ठेवून, नळाच्या बाजूनं मागं मागं गरम फडकी लावत जायचं. ज्योत दाखवायची नाही. उजाडायच्या आत वॉर्डात गरम पाणी पोचलं. मुलगी झाली. तिला पुसायला नर्सनं तेच पाणी घेतलं. आम्ही देवाची सेवा करतोय, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटलं. आता तुम्हालाही वाटू द्या.

लाहौलात केलांग गावी 1856 मध्ये मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाचे जर्मन मिशनरी आले. त्यांच्यात पुढं सामील झालेल्या मारिया हायडे बाईंनी तिथल्या बायकांना मोजे विणायला शिकवलं. तिकडच्या बायका अजून ते विणतात आणि त्यावर चार पैसे मिळवतात. इथल्या बाजारात ते मोजे पाहिले की मला तुमच्याशी वाद घालावासा वाटतो. तेही शिकवणंच, नाही का?

आमची काळजी करू नका. खोलीत लाकडांचा तंदूर, म्हणजे ऊब देणारी शेगडी आहे, त्याचा धूर पाइपातून बाहेर जातो. तरी रात्री खिडकीची फट उघडी ठेवतो. रजईखाली तुमच्या दोन्ही सोलापुरी चादरी आहेत. आई, तुझी कडक भाकरी अजून तशीच खुटखुटीत आहे. शेंगाचटणीतलं तेल मात्र थिजतं, तंदूरजवळ बरणी ठेवली की सुटतं. भात कुकरमध्ये नीट होतो. छतावर मी चढत नाही. चौरस मीटरभर पत्र्यावर फूटभर दबलेलं बर्फ म्हणजे साठ-सत्तर किलो, ज्वारीच्या पोत्याएवढं ओझं. ते उतरवावंच लागतं, पण हे कमरेला दोर बांधून चढतात आणि खाली दोर धरायला माणूस असतो.

काल पाइपांना गोणपाट बांधताना बाबांची फार आठवण आली. मे महिन्यात मिलचा भोंगा झाला की घामेजून यायचात आणि चहासुद्धा न घेता आधी गच्चीवरच्या पाइपावरचं गोणपाट भिजवायचात, मला अंघोळीला चटका बसू नये म्हणून. रात्री आई गच्चीवर ओली चादर पांघरायची. तिचा अर्धा पदर माझ्या अंगावर असायचा. इतकी मोठी झाले तरी थंडी वाजली की मला तोच पदर हवा असतो.

आता मी सांगते ते निमूट ऐकायचं. माझ्यासाठी ऑपरेशन पुढं ढकलायचं नाही. दादा चार दिवस आधी येतोय, त्याच्याशी माझं बोलणं झालंय. आधी साखर आणि बीपी तपासून घ्या. नंतर डॉक्टरांनी दिलेले थेंब वेळच्या वेळी, डोळा चोळायचा नाही, त्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकून जड उचलायचं नाही. आई, चार-पाच दिवसांनी नळाला पाणी आलं की रात्री-अपरात्री मोटर लावायला बाबांना उठवू नकोस. शेजारच्या काकूंच्या मुलाला मी सांगितलंय, त्याला हाक मार, संकोच करू नकोस. आणि घागरी तूही उचलू नकोस, तुझी कंबर मला माहीत आहे. बाबांना धुळीत गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत नेऊ नकोस. रविवारी उपासनेला रिक्षानंच जा, पैसे मी पाठवलेत, ते साठवायचे नाहीत.

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही दोघं इथं प्रार्थनेत असू. झालं की दादाला लगेच फोन करायला सांगा, कितीही वाजले असू देत.

बाबांच्या पावलाचं माप सुतळीनं घेऊन दादाकडून कळवा. लाहौलचे मोजे विणायला टाकायचेत.

तुमची,
बाळी