आरोग्य केंद्राच्या कारभारात रुग्णांना बहुमत हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी पैशातून चालणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात रिक्त पदे, औषधांचा तुटवडा, गळक्या इमारती आणि नादुरुस्त रुग्णवाहिका हे विषय ठरलेले असतात. त्या तक्रारी खऱ्याच आहेत. मात्र केंद्राच्या वेळा, तेथील सेवा आणि हाती असलेला निधी यांविषयीचे निर्णय कोणी घ्यावेत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बाकीच्या बऱ्याच दुखण्यांचे मूळ तेथेच आहे असे मला वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

अमेरिकेची आरोग्यव्यवस्था आपण डोळ्यांपुढे ठेवावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. विमा नसलेल्या माणसाचे तेथे काय हाल होतात हे सर्वश्रुत आहे. तरीही त्याच देशात सरकारी अनुदानावर चालणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्रांचे मोठे जाळे आहे. अशा सुमारे 1,400 संस्थांकडे वर्षाला तीन कोटींहून अधिक लोक उपचार घेतात, शुल्क उत्पन्नानुसार कमी होत जाते आणि पैसे नाहीत म्हणून कोणालाही परत पाठवता येत नाही. या केंद्रांचा सर्वांत महत्त्वाचा नियम त्यांच्या कारभाराविषयी आहे. केंद्राच्या नियामक मंडळातील किमान 51 टक्के सदस्य त्या केंद्राचे रुग्ण असलेच पाहिजेत, आणि रुग्ण म्हणजे ज्याने गेल्या 24 महिन्यांत तेथे प्रत्यक्ष सेवा घेतली आहे असा माणूस. केंद्राचे कर्मचारी किंवा त्यांचे निकटचे नातेवाईक मंडळावर बसू शकत नाहीत. हे मंडळ दरमहा भरते, अंदाजपत्रक मंजूर करते, केंद्र कोठे व किती वेळ उघडे राहील ते ठरवते, आणि केंद्राच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची नेमणूक करण्याचा व त्याला काढून टाकण्याचा अधिकारही त्याच्याकडे असतो.

हा नियम कोणा सनदी अधिकाऱ्याला सहज सुचलेला नाही. सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने 1940 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पोलेला या ग्रामीण भागात एक आरोग्य केंद्र सुरू केले. घरोघरी जाऊन पाहणी करायची, आजार आणि त्यामागची उपासमार, पाणी, जमीन यांचा एकत्र विचार करायचा, अशी त्यांची रीत होती. वर्णद्वेषी राजवटीने पुढे त्या कामाचा गळा घोटला. पण त्याआधी जॅक गायगर हा अमेरिकी वैद्यकीय विद्यार्थी तेथे येऊन ते काम पाहून गेला होता. त्यानेच पुढे काउंट गिब्सन या सहकाऱ्याबरोबर, सरकारच्या दारिद्र्यनिर्मूलन कार्यक्रमातील पैशावर, 1965 मध्ये बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट वस्तीत आणि 1967 मध्ये मिसिसिपी राज्यातील माउंड बायू येथे केंद्रे उभी केली.

माउंड बायूच्या परिसरात कापसाच्या शेतीत यंत्रे आल्यामुळे हजारो कृष्णवर्णीय शेतमजुरांचे काम गेले होते. मुले कुपोषित अवस्थेत केंद्रात येत. तेव्हा डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर चक्क दूध, मांस, भाज्या लिहून द्यायला सुरुवात केली. ती चिठ्ठी किराणा दुकानात दाखवून जिन्नस मिळत आणि बिल केंद्राच्या औषधांच्या तरतुदीतून भागवले जाई. वरिष्ठांनी आक्षेप घेतला, त्यावर गायगर यांनी वैद्यकीय पाठ्यपुस्तकाचा हवाला दिला: कुपोषणावरचा उपचार अन्न हाच आहे. (आपल्याकडच्या लेखापरीक्षकांनी या खर्चावर कोणता शेरा मारला असता, याची कल्पना करून पाहावी.) केंद्राने विहिरी खोदल्या, शौचालये बांधली, आणि लोकांनी केंद्राच्या मदतीने सहकारी शेतीही सुरू केली. उपचाराबरोबर काय करायला हवे ते लोकांकडून ऐकून घेतल्याखेरीज हे घडणे शक्य नव्हते. सुरुवातीला लोकांचा सहभाग बहुतांशी सल्ल्यापुरताच होता. 1975 च्या कायद्याने मात्र रुग्णांचे बहुमत बंधनकारक केले, आणि अध्यक्ष फोर्ड यांनी नकाराधिकार वापरूनही संसदेने तो कायदा मंजूर केला.

या नियमातही उणिवा आहेत. रुग्ण सदस्य गरीबच असावा अशी उत्पन्नाची अट त्यात नाही, त्यामुळे तुलनेने सुस्थितीतील रुग्णाने जागा भरली तरी कागद पूर्ण होतो. तसेच मंडळावर बसलेली मजूर बाई आणि हिशेबतपासनीस यांना अंदाजपत्रक सारखेच कळेल असे नाही. त्यासाठी प्रशिक्षण द्यावे लागते. पण रुग्णांना वैद्यकातले काय कळते, हा नेहमीचा आक्षेप येथे गैरलागू आहे. कोणत्या रुग्णाला कोणते औषध द्यावे हे मंडळ ठरवत नाही. बाह्यरुग्ण विभाग फक्त सकाळी उघडा ठेवला तर मजुरी बुडते आणि म्हणून रक्तदाबाची गोळी नेण्यास कोणी येत नाही, ही गोष्ट मात्र ज्याची मजुरी बुडते त्याला डॉक्टरांपेक्षा अधिक नेमकी ठाऊक असते.

आता आपल्याकडे पाहू. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा सुचवण्यासाठी नेमलेल्या भोर समितीने 1946 मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली आणि 1952 पासून ती उभी राहू लागली. सपाट भागात 30 हजार, डोंगराळ व आदिवासी भागात 20 हजार लोकसंख्येमागे एक केंद्र हा निकष आहे. कारभारासाठी समित्याही आहेत. रुग्ण कल्याण समितीचा प्रयोग नव्वदच्या दशकात इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयातून पुढे आला आणि राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने 2005 नंतर तो देशभर नेला. मात्र मूळ प्रयोगाचा भर रुग्णालयासाठी पैसा उभा करण्यावर आणि तो जागेवरच खर्च करता यावा यावर होता. त्यामुळे समितीत पदसिद्ध अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि नामनियुक्त सदस्य आले. केंद्रात रांगेत उभा राहणारा माणूस अधिकाराने तेथे बसावा अशी तजवीज कोणी केली नाही.

केंद्रे जिल्हा परिषदेकडे आहेत, राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक आरोग्य केंद्रांचा स्पष्ट उल्लेख आहे, मग निवडून आलेले सदस्य पुरेसे नाहीत का, असे विचारले जाईल. नाहीत, असेच मी म्हणेन. निवडून आलेला सदस्य सगळ्या गावाचा असतो, आणि स्वतःच्या घरच्या दुखण्याला तो बहुधा खासगी दवाखाना गाठतो.

महाराष्ट्राने या बाबतीत एक चांगले पाऊल टाकलेही होते. 2007 पासून काही जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी सेवांना चांगली, मध्यम, वाईट अशी प्रतवारी दिली आणि जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर उभे राहून बाहेरून आणायला लावलेल्या औषधांचा, गैरहजर डॉक्टरांचा जाब विचारला. परंतु जनसुनावणी संपली की निर्णय पुन्हा कार्यालयातच होत.

म्हणून शासनाकडे मागणी अशी की प्राथमिक आरोग्य केंद्र व उपकेंद्र पातळीवरील समित्यांच्या नियमांत दुरुस्ती करून, गेल्या दोन वर्षांत तेथे उपचार घेतलेल्यांना निम्म्याहून अधिक जागा द्याव्यात, आणि त्यांत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील स्त्रियांना ठरावीक वाटा असावा. बैठक दरमहा व्हावी, त्या दिवसाची बुडालेली मजुरी सदस्यांना भरून मिळावी, आणि बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा तसेच अबंधित निधीचा (म्हणजे ठरावीक बाबीशी न बांधलेल्या निधीचा) खर्च या समितीच्या मंजुरीशिवाय ठरू नये. पहिली दोन वर्षे एखाद्या आदिवासी तालुक्यातील सर्व केंद्रांवर हा प्रयोग करावा आणि बैठकांचे इतिवृत्त केंद्राच्या दर्शनी भागात लावावे.

आपला विश्वासू,
एक वाचक