खुले पत्र: नववीच्या मुलांना परागकणांचा तपास करू द्या

मा. शिक्षणमंत्री, गुजरात राज्य
यांस सविनय नमस्कार.

सयाजीरावांनी १९०६ साली ज्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तिथूनच ही मागणी आहे. नववीच्या विज्ञानाला न्यायसहायक वनस्पतिशास्त्राच्या, म्हणजे पराग, बिया, लाकूड यांवरून गुन्ह्याचा तपास करण्याच्या शास्त्राच्या, सहा जोडतासिका द्याव्यात. अमेरिकेत वैमानिक लिंडबर्ग यांच्या बाळाच्या अपहरण आणि खुनाच्या १९३५च्या खटल्यात अपहरणाच्या शिडीचे लाकूड आरोपीच्या माळ्यावरच्या फळीशी जुळवून दाखवले गेले. वनस्पतीचा पुरावा न्यायालयाला परका नाही, आणि गांधीनगरात तर न्यायसहायक विज्ञानाचे राष्ट्रीय विद्यापीठच आहे.

तयार किट मात्र पाठवू नका. त्यात उत्तर आधीच ठरलेले असते. कापडावरचे पराग उचलून मायक्रोस्कोपखाली पाहण्यासाठी लागणारी जेली शाळेतच बनवता येते: जिलेटिन १० ग्रॅम, पाणी ३५ मिली, ग्लिसरीन ३० मिली, चिमूटभर सॅफ्रानिन हा लाल रंग. जिलेटिन थंड पाण्यात अर्धा तास फुगवायचे, भांडे गरम पाण्यात धरून विरघळवायचे, मग ग्लिसरीन आणि रंग. उकळी आली तर जेली नीट धरत नाही. जोरात ढवळली तर बुडबुडे राहतात. काळ्या जाड कडेचे हे बुडबुडे मुले परागकण म्हणून मोजतात. टिकण्यासाठी फिनॉल घालण्याची पद्धत आहे, पण त्याने कातडी भाजते. शाळेत ते नकोच. थोडी जेली करून फ्रिजमध्ये ठेवावी आणि आठवड्यात संपवावी.

शिक्षकांनी जास्वंद, बाभूळ, गवत किंवा आघाडा यांपैकी एकाला जुन्या सदऱ्याची बाही घासून आणावी. मुलांनी आधी चारही जागांचे नमुने घ्यावेत, सदरा नंतर उघडावा. गणपतीच्या पत्रीतला आघाडा सगळ्यांच्या ओळखीचा. त्याची टोकदार फळे कापडाला उलटी रुततात. ती चिमट्याने काढून कागदी पाकिटात ठेवावीत. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि तिचे बीजाणू परागकणांत मिसळतात. नंतर मसुराच्या दाण्याएवढी जेली बाहीवर टेकवून स्लाइडवर ठेवायची, कोमट करून वर कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काच. गाजरगवताला मात्र कोणी उघड्या हाताने शिवू नये.

जास्वंदीचा कण मोठा आणि काटेरी असतो, शंभर पटीतही ओळखू येतो. बाभळीचे कण सोळा-सोळांच्या गठ्ठ्यात, गवताचा गोल, गुळगुळीत, एकाच छिद्राचा. खरा तपास इथून पुढे. गवताचे पराग वाऱ्यावर उडतात, म्हणून ते बाहीवर सापडले तरी माणूस गवतात शिरला होता असे म्हणता येत नाही. जास्वंदीचे पराग जड आणि चिकट. ते सापडले, तर बाही फुलाला किंवा फुलाला लागलेल्या कशाला तरी घासली असणार. एवढेच. घासली कधी, हे तो कण सांगत नाही.

प्रत्येक वेळी एक कोरी स्लाइडही हवी: तीच जेली, नमुना काही नाही, बाकीच्या स्लाइड्सच्या शेजारीच. तिच्यावर पराग दिसले तर त्या दिवसाचे सगळे निष्कर्ष बाद धरावेत. पंखे बंद ठेवायचे ते यासाठीच.

म्हणून कृपया गुण केवळ बरोबर उत्तराला देऊ नका. पाकिटावर कोणी, कुठून, किती वाजता उचलले आणि कोणाच्या हाती दिले याची नोंद आहे का, ते पाहा. ‘याहून जास्त सांगता येत नाही’ असे कारणासह लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळावेत, असे परिपत्रकातच स्पष्ट लिहा.

शाळांना कव्हरस्लिप, जिलेटिन आणि भिंगे पुसायचा कागद यांपुरते अनुदान पुरे. कपाटातले मायक्रोस्कोप बाहेर काढण्याचा आदेशही सोबत असावा. नवरात्राच्या सुमारास आघाडा पिकतो, गवत तुऱ्यावर असते. परिपत्रक जूनमध्ये निघाले तर तो हंगाम हाती लागेल.

आपले नम्र,
बडोद्यातील काही विज्ञान शिक्षक