ईसीयू निर्दोष होता

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला घरी बांधलेल्या विमानांवरचा लेख आवडला. मात्र 'इंजिनाचा संगणक बिघडतो आणि इंजिन दगा देतं' हे त्यातलं वाक्य खटकलं. मी जन्मभर वायरमनचं काम केलं आणि निवृत्तीनंतर फायबरग्लासचं दोन आसनी विमान बांधलं. लेखकाचा हाच समज मला चांगलाच महागात पडला आहे.

माझं इंजिन थंड असताना एका सुरात चालायचं. वीसेक मिनिटांत तापलं की ठसके द्यायचं, आरपीएमचा काटा नाचायचा. मी सरळ नवा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आणून बसवला. ठसका जसाच्या तसा!

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. इंजिन बंद असताना बॅटरीवर 12.6 व्होल्ट, ईसीयूच्या प्लगवरही 12.6. पण करंट वाहत नसताना घेतलेल्या या मापाला काही अर्थ नाही. तुंबलेल्या पाइपातही नळ बंद असला की प्रेशर पूर्ण दिसतं. म्हणून मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी ईसीयूच्या 'अर्थ' पिनला (करंट जिथून बॅटरीकडे परत जातो ती) जोडली आणि मीटर कॉकपिटमध्ये घेतला (फिरत्या पंख्याजवळ हात घालणारे महाभाग मी पाहिले आहेत). शेपूट बांधलं, चाकांना उटी लावली, इंजिन सुरू केलं. सुरुवातीला 0.1 व्होल्ट. तापल्यावर 0.9!

सेन्सर बोलतात 0 ते 5 व्होल्टमध्ये. ज्या शून्यापासून मोजायचं तेच 0.9 ने वर सरकलं, तर ईसीयू बिचारा काय समजणार? पंप, इंजेक्टर, कॉइल मिळून साधारण 9 अँपिअर ओढतात. म्हणजे वाटेत अडथळा होता जेमतेम 0.1 ओहमचा. ओहमच्या रेंजवर तो सापडलाच नसता, मीटरच्या तारांचाच तेवढा भरतो.

फायबरग्लासच्या विमानाला धातूची बॉडी नसते, परतीचा सगळा करंट तारेतूनच येतो. तीच तार मुळापासून चाचपत गेलो. फायरवॉलजवळच्या (इंजिनामागच्या आगरोधक भिंतीजवळच्या) लगला, म्हणजे तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडतुकड्याला, हात लावला आणि मीटरचा काटा हलला. तो लग माझ्याच हातचा. नीट क्रिंप केला होता, म्हणजे तारेवर दाबून आवळला होता, तेवढ्यावर थांबायचं. पण जुनी खोड, 'आणखी पक्का' म्हणून वर सोल्डरचा डाग दिला. सोल्डर तारेत चढलं, तेवढा भाग काडीसारखा कडक झाला आणि इंजिनाच्या थरथरीने नेमका त्याच्या कडेला तुटला. बहुतेक धागे गेले होते, उरलेले नुसते टेकलेले. वर हीटश्रिंक (तापवली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी), त्यामुळे बाहेरून सगळं देखणं.

मॅग्नेटोच्या इंजिनात हे खपून गेलं असतं. मॅग्नेटो स्वतःची ठिणगी स्वतः तयार करतो, बॅटरीकडे बघतही नाही. ईसीयूच्या इंजिनाला वीज गेली की ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. तेव्हा पुढच्या लेखात संगणकाच्या आधी लग आणि अर्थ तपासायला सांगावं, ही विनंती.

नवी तार टाकून मुद्दाम जुनाच ईसीयू परत बसवला. त्यावर 60 तास झाले, एक ठसका नाही. नवा खोक्यात पडून आहे आणि घरी जेवताना अधूनमधून त्याची किंमत निघते.

— एक निवृत्त वायरमन