महाश्वेतादेवींचे दुसरे काम

महोदय,

बंगाली लेखिका महाश्वेतादेवींची (१९२६–२०१६) जन्मशताब्दी ‘हजार चुराशीर मा’ ही कादंबरी आणि ज्ञानपीठ एवढ्याच उल्लेखांवर आटोपू नये, म्हणून हे पत्र. १९५६ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक आले, ते झाशीच्या राणीवर. त्यासाठी त्या लहान मुलाला घरी ठेवून बुंदेलखंडात फिरल्या आणि राणीने दगडमातीतून फौज उभी केली असे सांगणारी तिथली लोकगीते त्यांनी इतिहासाचे साधन मानली. मराठी घरात जन्मलेल्या राणीचे हे चरित्र आपण आवर्जून वाचायला हवे.

मला त्याहून मोलाचे वाटते ते त्यांचे पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यातील काम. १९७९ मध्ये ‘अरण्येर अधिकार’ या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाल्यानंतर त्यांनी ‘बर्तिका’ हे वडिलांचे नियतकालिक हाती घेतले आणि त्यात शेतमजूर, कामगार, आदिवासी यांना स्वतःविषयी लिहिते केले. फेब्रुवारी १९९८ मध्ये पुरुलियातील बुधन शबर या शबर आदिवासी तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा त्याच्या जमातीच्या लोकांनी त्याच्याऐवजी पुतळ्याला अग्नी देऊन त्याचा मृतदेह पुरावा म्हणून पुरून ठेवला आणि प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयात गेले. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने शबरांसारख्या जमातींवर मारलेला ‘जन्मजात गुन्हेगार’ हा शिक्का पुसण्यासाठी त्याच वर्षी भाषातज्ज्ञ गणेश देवी आणि ‘उचल्या’कार आपले लक्ष्मण गायकवाड यांच्यासोबत त्यांनी देशव्यापी संघटना उभारली. ‘बर्तिका’तील निवडक लेखन आपल्या पुरवणीतून मराठीत क्रमशः द्यावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा