तुलांबेनच्या समुद्रात आम्हाला जहाज दाखवणाऱ्या गाइडना

सप्रेम नमस्कार.

बालीच्या तुलांबेन किनाऱ्यालगत बुडालेले 'लिबर्टी' जहाज पाहायला जगभरातून डायव्हर येतात, आणि त्यांतले बरेचजण केवळ मासे पाहून समाधानाने परततात. आपण मात्र आम्हाला आधी जहाज पाहायला लावले, त्याबद्दल हे जाहीर आभार.

पाण्यात उतरण्यापूर्वी आपण त्याची हकिकत सांगितली. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागलेले हे अमेरिकी मालवाहू जहाज बालीच्याच उत्तर किनाऱ्यावरील सिंगराजा बंदराकडे ओढत नेले जात होते. परंतु आत फार पाणी भरल्याने ते तुलांबेनलाच किनाऱ्यावर चढवावे लागले आणि १९६३ साली आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने समुद्रात लोटले जाईपर्यंत तिथेच पडून राहिले. हे ठाऊक असल्यामुळे गंजलेल्या पत्र्यांच्या त्या पसाऱ्यातही डेक कुठला आणि माल ठेवण्याचा कप्पा कुठला, याचा अंदाज बांधता आला.

जहाजाचा वरचा भाग जेमतेम पाच मीटरवर आहे, तर खालचा तीस मीटरच्या आसपास. वीस मीटरवर पृष्ठभागाच्या तिप्पट दाब असतो आणि हवाही त्याच हिशेबाने संपते. म्हणून आपण खोल भाग आधी उरकून सावकाश वर आणलेत आणि वाटेत पुनःपुन्हा प्रत्येकाचा हवेचा गेज पाहिलात. एके ठिकाणी पंख्यासारखे पसरलेले, करड्या रंगाचे प्रवाळ होते. आपण टॉर्च लावताच ते लालभडक दिसले, कारण पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. त्याच्या फांद्यांमधून इवलेसे तोंड उघडून हवा टिपावी तसे असंख्य पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे चिमुकले जीव, बाहेर आलेले होते. आपण बोटही लावू दिले नाही.

पुढे एका अंधाऱ्या कप्प्यापाशी आमच्यातला एकजण आत शिरू पाहत होता, तेव्हा आपण तळहात आडवा धरून त्याला थांबवलेत. पायातल्या फिनच्या एका फटक्याने गाळ उठला की बाहेरची वाट दिसेनाशी होते, हे कारण आपण वर आल्यावर शांतपणे समजावलेत. पैसे मोजून आलेल्या पाहुण्याला नकार देणे सोपे नसते, आणि माझ्या मते चांगला गाइड तिथेच ओळखू येतो.

एक विनंती आहे. जड सिलिंडर डोक्यावर घेऊन किनाऱ्यावरच्या काळ्या गोट्यांवरून सहज चालत येणाऱ्या स्त्रियांचे आभार मानायचे राहून गेले, कारण सामान उतरवताच त्या पुढच्या खेपेला निघाल्या होत्या. त्यांना आमचा नमस्कार आवर्जून सांगावा.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
आपल्या गटातील एक डायव्हर