काफ्काचा ग्रेगोर आणि आम्ही फिरतीवाले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत आधुनिक कथेतील रूपांतर आणि ओळख या विषयावरचा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिलाय, त्याबद्दल वाद नाही. पण काफ्काच्या 'मेटामॉर्फसिस' या कथेवरच्या (कापडाचा फिरता विक्रेता ग्रेगोर साम्सा एका सकाळी किडा होऊन जागा होतो, ती कथा) मजकुराशेजारी मिशा-पायांसकट जे भलंमोठं झुरळ छापलंय, ते बघून राहवलं नाही. नेमकं हेच करू नका म्हणून खुद्द काफ्काने प्रकाशकाला लेखी विनवलं होतं.

ते पत्र 25 ऑक्टोबर 1915 चं. मुखपृष्ठाचं काम ओटोमार श्टार्के या चित्रकाराकडे गेल्याचं कळल्यावर काफ्का धास्तावला. किडा काढायचा नाही, अगदी लांबूनसुद्धा दाखवायचा नाही. हवं तर उजेडाच्या खोलीत आईवडील आणि बहीण दाखवा, शेजारच्या अंधाऱ्या खोलीचं दार उघडं ठेवा, असं त्याचं म्हणणं. श्टार्केने किडा काढला नाही. मुखपृष्ठावर घरगुती झगा घातलेला एक माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून दारापासून दूर निघालाय, मागे दार किलकिलं आणि आत काळोख. झालं चित्र.

लेखक म्हणतात, ग्रेगोर साम्सा स्वतःची ओळख हरवून बसतो. मला हे अजिबात पटत नाही. आपण ग्रेगोर आहोत याबद्दल त्याला एका क्षणाचीही शंका येत नाही. पाठ कवचासारखी टणक झालीय, पोटाशी बारीक पायांची वळवळ चाललीय, आणि या गड्याच्या डोक्यात काय? पाचची गाडी हुकली! गजर चारचा लावला होता, आता साडेसहा झालेत, पुढची गाडी सातची आणि कापडाच्या नमुन्यांची बॅग अजून भरायचीच आहे. समीक्षक याला अस्तित्ववाद म्हणोत. माझी उमेदीची सगळी वर्षं औषध कंपनीचा एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा विक्री प्रतिनिधी, म्हणून गेली, मिरज हेडक्वार्टर, जत, सांगोला, पंढरपूर आउटस्टेशन. मला तो कंपनीचा माणूस वाटतो. अंगात ताप असताना 'आजचे कॉल (डॉक्टरांच्या ठरलेल्या भेटी) कसे भरायचे' हा विचार आधी येतो आणि क्रोसिनचा नंतर, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

आणि तो ग्रेगोरच्या कंपनीचा मुख्य कारकून! गाडी हुकली एवढ्यावरून सव्वासातच्या आत साक्षात तो दारात हजर. आमच्याकडे एरिया मॅनेजर असाच न सांगता स्टँडवर उभा असायचा. बंद दाराबाहेर, आईबापांच्या देखत, हा ग्रेगोरला ऐकवतो की अलीकडे तुझं काम समाधानकारक नाही, आणि नुकतीच तुझ्याकडे वसुली सोपवली होती, त्यावरून साहेबांना शंका येतेय. स्टॉकिस्टच्या, म्हणजे घाऊक औषधविक्रेत्याच्या, चेकला दोन दिवस उशीर झाला की फोनवर जो आवाज लागायचा, तोच हा आवाज. आजारी असल्याचं कळवावं म्हटलं, तर विम्याचा डॉक्टर येणार आणि त्याच्या लेखी सगळे ठणठणीत, फक्त कामचुकार. हे काफ्काला कुठून कळलं असा प्रश्न पडायला नको. 1908 पासून तो प्राग शहरात कामगारांच्या अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. ही कथा 1912 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लिहिताना मध्येच त्याला कचेरीच्या कामाने दौऱ्यावर जावं लागलं, आणि त्या दौऱ्याने कथा बिघडली, विशेषतः शेवट, असं त्याने पुढे डायरीत नोंदवलं. (शेवट बिघडलेला मला तरी दिसत नाही.)

ओळख हा शब्द लेखात फार वेळा येतो म्हणून सांगतो. दवाखान्यात रिसेप्शनवरची मुलगी आत जाऊन सांगायची, 'सर, अमुक कंपनी आलीय.' कंपनी आलीय! मी कंपनी बदलली तरी एक डॉक्टर शेवटपर्यंत मला जुन्याच कंपनीच्या नावाने हाक मारायचे. निवृत्त झालो तरी कित्येक केमिस्टांच्या मोबाइलमध्ये माझ्या नावापुढे कंपनी तशीच चिकटलेली आहे. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. त्या नावावर घर चाललं, पोरांची शिक्षणं झाली.

ग्रेगोरचंही घर तसंच चाललेलं. आईबापांचं त्याच्या मालकाकडे देणं आहे, ते फेडायला हा पाच वर्षं एक दिवसही आजारी न पडता राबतो. मग किडा झाल्यावर दाराआडून ऐकतो की बापाने थोडी पुंजी राखून ठेवलीय, शिवाय यानेच दिलेल्या पैशांतून काही शिल्लक टाकलीय. म्हणजे देणं लवकर फिटलं असतं, नोकरीतून सुटका झाली असती. तरी हा दाराआड उभा राहून आनंदाने मान डोलावतो. चांगलं केलं म्हणतो! मला सबंध कथेत ही जागा सगळ्यात भयंकर वाटते. बाप सफरचंद फेकून मारतो, ते त्याच्या पाठीत रुतून बसतं, तो प्रसंग त्यापुढे मला सोपा वाटतो.

बदलतात ती बाकीची माणसं. बहीण ग्रेटे सुरुवातीला त्याला काय खायला आवडतंय हे कळावं म्हणून जुन्या वर्तमानपत्रावर निरनिराळे पदार्थ मांडून ठेवते. त्याच बहिणीला संगीत शाळेत घालायचं याने मनात ठरवलेलं असतं. शेवटी तीच म्हणते, याला घालवलाच पाहिजे; हा ग्रेगोर असता तर माणसांना अशा प्राण्यासोबत राहता येत नाही हे ओळखून आपणहून निघून गेला असता. म्हणजे खरा ग्रेगोर कोण, तर जो जागा मोकळी करतो तो. आणि हा पठ्ठ्या तेही मान्य करून पहाटे उजाडता उजाडता मरतो.

मग ती तिघं काय करतात? टेबलाशी बसून आपापल्या मालकांना तीन रजाचिठ्ठ्या लिहितात. पाच वर्षांत ज्याला एक रजा घेता आली नाही, त्याच्या जाण्याचा मुहूर्त साधून घराने सुट्टी काढली, ट्रामने फिरायला गेले आणि मुलीचं आता बघायला हवं असा विचार आईबापांच्या मनात आला.

एक विनंती. पुरवणीत या कथेवर पुन्हा काही येणार असेल, तर बापाच्या गणवेशावर कुणाकडून तरी लिहून घ्या. मुलगा कमावत होता तोवर हा आरामखुर्चीतून उठत नव्हता. मुलगा कामातून गेल्यावर बँकेत शिपाई म्हणून लागतो, धाकट्या कारकुनांची न्याहारी आणून देतो, आणि तो सोनेरी बटणांचा निळा गणवेश घरीसुद्धा उतरवत नाही, डागाळला तरी खुर्चीत तसाच झोपतो. या रूपांतराबद्दल आपल्या लेखात एक ओळही नाही.

आपला,
एक निवृत्त औषध विक्री प्रतिनिधी, मिरज